हिवाळा आला की घराला कुलूप लावून वाळवंटात राहायला जाणारे अमेरिकेतले आजी-आजोबा

थंडीत भिगवणला रोहित पक्षी येतात आणि ऊन तापायला लागलं की निघून जातात. उत्तर अमेरिकेत असंच स्थलांतर माणसं करतात. मिनेसोटा, मिशिगन, डकोटा आणि सीमेपलीकडच्या कॅनडातले निवृत्त लोक साधारण आपल्या दिवाळीच्या सुमारास दक्षिणेकडे निघतात आणि गुढीपाडव्यानंतर घरी परततात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

काही जण फ्लोरिडात फ्लॅट घेतात. टेक्सासच्या दक्षिण टोकाला जाणाऱ्यांना तिथले लोक ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. पण यातली एक जमात विंचवासारखी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरते. त्यांचं घर म्हणजे आरव्ही, अर्थात रिक्रिएशनल व्हेइकल. झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम सगळं गाडीतच. कुणाची बसएवढी मोटरहोम असते, कुणाची पिकअपच्या मागे ओढायची ट्रेलर, तर कुणी साध्या व्हॅनमध्येच संसार थाटलेला असतो.

या मंडळींची पंढरी म्हणजे अ‍ॅरिझोनातलं क्वार्ट्झसाइट. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती २,४१३. जानेवारीत मात्र इथे आरव्हीचं मोठं प्रदर्शन भरतं, दगड-खनिजांचे बाजार लागतात आणि हिवाळाभरात लाखो लोक येऊन जातात. कारण सोपं आहे. इथे जानेवारीतही दुपारी तापमान २० अंशांच्या आसपास असतं. त्याच वेळी कॅनडातल्या विनिपेगमध्ये पारा शून्याच्या बराच खाली असतो.

सरकारी जमीन, नाममात्र भाडं

गावाभोवतीची बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ची आहे. बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, मग मुक्काम हलवावा लागतो. पण म्हाताऱ्या माणसांनी दर पंधरवड्याला कुठे जायचं? आणि सगळीकडेच तंबू-गाड्या पसरल्या तर वाळवंटाचीही नासाडी होते. म्हणून १९८३ मध्ये लांब मुक्कामासाठी काही जागा वेगळ्या राखून ठेवल्या गेल्या. क्वार्ट्झसाइटजवळची ‘ला पोसा’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली. ११ हजार एकरांहून मोठी. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम, आणि या सात महिन्यांचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळत होता. अमेरिकेत एवढ्या पैशांत हॉटेलच्या दोन रात्रीही धड निघत नाहीत.

या भावात काय मिळतं? पिण्याचं पाणी भरायची सोय, सांडपाणी ओतायची जागा आणि कचराकुंडी. वीज नाही, नळ नाही. अशा राहण्याला तिकडे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. हा शब्द मूळचा फिलिपिन्समधला. तिथल्या टागालोग भाषेत ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर. अमेरिकन सैनिकांनी तो उचलून घरी नेला.

पहिल्या हिवाळ्यात काय कळतं

आरव्हीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी-आंघोळीच्या पाण्याची, तिसरी संडासाची. मध्यम गाडीत स्वच्छ पाणी साधारण १५० लिटर मावतं. दोन माणसांनी घरच्यासारखा शॉवर सोडला तर ते दोन-तीन दिवसांत संपतं, आणि त्याआधीच सांडपाण्याची टाकी भरते. आपल्याकडे टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही, पण आयुष्यभर चोवीस तास नळ असलेल्या जोडप्याला ते जड जातं.

निघतानाच एक घोळ असतो. उत्तरेत डिसेंबरमध्ये गाडीच्या पाइपांत पाणी असेल तर ते गोठून पाइप फुटतात. म्हणून पाइपांत गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरून ठेवतात, आणि उबदार भागात पोचेपर्यंत पाणी भरतच नाहीत. म्हणजे प्रवासाचे पहिले दोन-तीन दिवस चाकांवरच्या घरात नळ कोरडेच.

दुसरा धक्का रात्रीचा. वाळवंटात दिवसा ऊब असली तरी रात्री पारा झपाट्याने खाली येतो. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पहाटे बॅटरी संपली की सिलिंडर भरलेला असूनही गाडी गार पडते. त्यामुळे मुरलेल्या लोकांच्या टपावर सोलर पॅनेल दिसतातच. बंद गाडीत गॅसची शेगडी पेटवून झोपणं मात्र जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म चालू आहे ना, हे निघण्याआधी तपासावंच लागतं.

आणि पैसा. मोठी मोटरहोम लिटरला तीन-चार किलोमीटर धावते. मिनियापोलिसहून क्वार्ट्झसाइट पावणेतीन ते तीन हजार किलोमीटर. म्हणजे एका बाजूलाच ८०० लिटरच्या आसपास इंधन. मुक्काम स्वस्त पडतो, पोचणं नाही.

म्हणूनच शहाणपणाची वाट म्हणजे पहिल्या वर्षी गाडी भाड्याने घेऊन तीन-चार आठवडे राहून बघणं. घर विकून थेट मोटरहोम घेणारेही असतात, पण घराची किंमत सहसा वाढते आणि आरव्हीची पहिल्या दिवसापासून उतरते. नाही जमलं तर परतायला घर उरत नाही. घर ठेवलं तरी त्याच्याकडे बघायला कुणीतरी लागतं. थंडीत रिकाम्या घरात ठरावीक दिवसांनी कुणी तपासून गेलं पाहिजे, अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात.

दवाखाना कुठाय?

सत्तरीच्या माणसाला खरा प्रश्न हा. फिनिक्स इथून सुमारे २०० किलोमीटर. अमेरिकन ज्येष्ठांचा मूळ सरकारी ‘मेडिकेअर’ विमा देशभर चालतो, पण खासगी कंपन्यांमार्फतच्या ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेल्या असतात. कॅनडाच्या माणसाला तर वेगळा प्रवास विमा काढावाच लागतो, शिवाय दिवसही मोजावे लागतात. ओंटारिओत वर्षभरात २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर सरकारी आरोग्य सुविधेवर गंडांतर येऊ शकतं, आणि अमेरिकेत जास्त दिवस काढले तर तिथला कर मागे लागतो. दात आणि चष्म्यासाठी बरेच जण युमाजवळून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातात. तिथे दातांचे दवाखाने इतके आहेत की गावाला ‘मोलर सिटी’ म्हणतात, म्हणजे दाढांचं शहर!

इथे येणारा प्रत्येक जण हौशी पर्यटक असतो असंही नाही. २००८ च्या मंदीत घर आणि बचत गमावलेले, पेन्शनमध्ये भाडं न परवडणारे अनेक जण व्हॅनमध्ये राहायला लागले. जेसिका ब्रूडर यांच्या पुस्तकावर आधारलेला आणि २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा ‘नोमॅडलँड’ त्यांच्यावरच आहे. एकाच मैदानात लाखो डॉलरची मोटरहोम आणि जुनी व्हॅन शेजारी-शेजारी उभ्या दिसतात.

मग स्टिअरिंग धरवेनासं झाल्यावर काय? ‘एस्केपीज’ या आरव्हीवाल्यांच्या क्लबने त्यासाठी टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला एक केंद्र काढलं आहे. तिथे म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे थांबलेले सभासद आपापल्या गाडीतच राहतात. गाडी जागची हलत नाही, पण जेवण मिळतं आणि डॉक्टरकडे ने-आण होते.