पांढऱ्या भाताची किंमत

जपानी नौदलाचं 'र्यूजो' हे प्रशिक्षण जहाज १८८२च्या डिसेंबरात निघालं. न्यूझीलंड, पेरू, हवाई असा नऊ महिन्यांचा प्रवास. वाटेत कुठे लढाई नाही, गोळीबार नाही. तरीही ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले आणि २५ दगावले.

आधी पायांना मुंग्या येत, मग सूज चढे, पावलं जड होत आणि शेवटी हृदयच थकून जाई. जपानीत या आजाराला काक्के म्हणतात. आपण त्याला बेरीबेरी म्हणतो आणि शाळेत एका ओळीत उत्तर लिहून मोकळे होतो : 'ब१ जीवनसत्त्वाचा अभाव'. या ओळीमागे हजारो सैनिकांचे मृत्यू आहेत. त्यातले कितीतरी, उपाय हाताशी असताना झालेले.

आजार जुनाच होता. त्याला 'एदोचं दुखणं' म्हणत. एदो म्हणजे आजचं तोक्यो. गावाकडून चाकरीसाठी एदोत आलेली माणसं आजारी पडत आणि गावी परतली की बरी होत. गावी जव, भरड धान्यं आणि जेमतेम कांडलेला तांदूळ असे. एदोत मात्र पांढराशुभ्र भात. तो सुबत्तेची खूण होता. १८६६मध्ये शोगुन इएमोची अवघ्या विशीत गेला, तो याच आजारानं असं मानलं जातं. सम्राट मेइजीलाही या आजारानं गाठलं होतं.

कानेहिरो ताकाकी हा नौदलाचा डॉक्टर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकून आला होता. त्याच्या लक्षात आलं की आजार अधिकाऱ्यांना कमी होतो आणि खलाशांना जास्त. खलाशांना जेवणासाठी रोख पैसे मिळत. ते भातावर भागवून उरलेले पैसे गाठीला बांधत. ताकाकीनं १८८४मध्ये 'त्सुकुबा' हे दुसरं जहाज 'र्यूजो'च्याच मार्गानं पाठवायला लावलं. मार्ग तोच, पण ताट बदललेलं : मांस, दूध, पाव, कडधान्यं. या वेळी आजारी पडले ते मोजके आणि मृत्यू एकही नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ए/बी टेस्ट म्हणतो, ती ही भर समुद्रात झालेली. खलाशांना पाव रुचेना, तेव्हा पुढच्या वर्षी भातात जव मिसळायला सुरुवात झाली. नौदलातून काक्के जवळपास हद्दपार झाला.

गंमत म्हणजे ताकाकीचं स्पष्टीकरण चुकीचं होतं. आहारात कर्बोदकं फार आणि प्रथिनं कमी, म्हणून हा आजार होतो, असं तो मानायचा. उपाय बरोबर, कारण चूक.

लष्करी डॉक्टरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांच्यातला एक होता मोरी ओगाई, पुढे जपानचा थोर साहित्यिक म्हणून ओळखला गेलेला. तो जर्मनीत शिकून आला होता. तो काळ जंतूंच्या शोधांचा. ज्या उपायाचं कारण धड सांगता येत नाही, तो मानायचा कसा? मोरीनं १८८९मध्ये प्रयोग केला. भात, जव घातलेला भात आणि पाश्चात्त्य जेवण यांच्यातले उष्मांक आणि प्रथिनं तपासली. भात सरस ठरला. मोजमापात खोट नव्हती. जे मोजायला हवं होतं, ते यादीतच नव्हतं.

शिवाय गरीब घरातून भरती झालेल्या पोरांना रोजच्या पांढऱ्या भाताचं मोठं अप्रूप होतं. जव म्हणजे गरिबाचं, तुरुंगातलं अन्न. देशासाठी मरायला निघालेल्यांना ते कसं वाढायचं?

१९०४-०५च्या रशियाविरुद्धच्या युद्धात सैनिकाला दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम तांदूळ ठरलेला होता. बेरीबेरीचे रुग्ण अडीच लाखांच्या घरात गेले आणि सुमारे २७ हजार मेले. लष्करानं भातात जव मिसळायचा आदेश दिला, तोवर युद्ध संपत आलं होतं.

खरं कारण तोवर जावा बेटावर सापडत आलं होतं. बटाव्हियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, प्रयोगशाळेत डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमनच्या कोंबड्या अचानक लुळ्या पडल्या होत्या. त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्यानं तो द्यायचं नाकारलं आणि असडीक तांदळावर कोंबड्या उठून चालू लागल्या. आइकमनला वाटलं, पिठूळ भागात विष आहे आणि कोंड्यात उतारा. त्याचा सहकारी खेरिट ग्राइन्स यानं १९०१मध्ये ते उलटं मांडलं : विष कसलंच नाही, कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक गोष्ट फेकली जाते आहे.

ती गोष्ट म्हणजे थायमिन, अर्थात ब१. भाताचं शरीरात ग्लुकोज होतं. त्यातून पुरेशी ऊर्जा काढायला पेशींना थायमिन लागतं. भात जितका जास्त, तितकी त्याची गरज जास्त. ते नसेल तर पोट भरलेलं असूनही नसा आणि हृदय उपाशी राहतात.

याचा धागा आपल्यापर्यंतही येतो. त्याच काळात मलायात पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांमध्ये बेरीबेरी पसरली होती, पण उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर बहुतेक वाचले. भात साळीतच उकडला की थायमिन दाण्यात मुरतं, मग कोंडा गेला तरी ते बरंचसं उरतं. कोकणात आणि गोव्यात पेजेसाठी वापरतात तो हाच उकडा तांदूळ. ज्यांनी ही रीत पाडली, त्यांना थायमिन हा शब्द ठाऊक नव्हता.

आज मोबाइलवर कुणीतरी रोज सांगत असतं की कार्ब्स बंद करा. ताकाकीनं आणि आइकमननंही पिठूळ अन्नालाच आरोपी ठरवलं होतं. भात निर्दोष आहे असं नाही. मधुमेह्यानं तो मोजूनच खावा. पण 'भात चांगला की वाईट' या प्रश्नात 'त्यातून काय काढून टाकलं' आणि 'त्याच्यासोबत ताटात काय आहे' हे दोन प्रश्न हरवतात. नौदलाच्या ताटात भात शेवटपर्यंत होताच. फक्त तो एकटा नव्हता.