सांगायला उरलेले

'बँड ऑफ ब्रदर्स' ही मालिका २००१ साली आली. तिच्या बहुतेक भागांच्या आरंभी काही म्हातारे बोलतात. बोलता बोलता एखाद्याचा गळा दाटतो, तो थांबतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर तसाच राहतो. त्यांची नावे पडद्यावर येतात ती थेट शेवटच्या भागात. 'वुई स्टँड अलोन टुगेदर' हा माहितीपट याच माणसांचा. मला तो मालिकेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. त्यात लढाई पुन्हा उभी करण्याची धडपड नाही, ती आठवणाऱ्यांचे चेहरे आहेत.

ही माणसे अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या 'ईझी' कंपनीतली. १९४२ साली जॉर्जियातल्या टोकोआ छावणीत त्यांना करेही डोंगर तीन मैल धावत चढावा आणि तीन मैल उतरावा लागे. 'करेही' म्हणजे एकटा उभा असलेला. शब्द चेरोकी भाषेतला. ज्या चेरोकींना शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातून हाकलले, त्यांचा शब्द या रेजिमेंटची युद्धघोषणा झाला.

१९४४च्या ५ जूनची रात्र उलटताना सी-४७ विमानांनी त्यांना नॉर्मंडीवर आणले. ढग आणि तोफांचा मारा यांमुळे विमाने पांगली. पायांना बांधलेल्या पिशव्या उडीच्या हिसक्याने तुटून गेल्या. लेफ्टनंट रिचर्ड विंटर्स जमिनीवर उतरले तेव्हा त्यांच्यापाशी फक्त सुरा होता. कंपनीप्रमुखांचा पत्ता नव्हता, म्हणून सूत्रे त्यांच्याकडे आली आणि त्याच सकाळी ब्रेकूर्ट येथील चार तोफा त्यांनी मूठभर माणसांनिशी निकामी केल्या.

अशा हकीगतींवर विसंबावे किती? अल्बर्ट ब्लाइदची गोष्ट पाहा. नॉर्मंडीत जखमी झालेला हा सैनिक त्यातून कधीच सावरला नाही आणि १९४८ साली वारला, असे मालिका सांगते. आधार होता सोबत्यांच्या आठवणीचा. प्रत्यक्षात ब्लाइद बरा झाला, पुढेही लष्करात होता आणि १९६७च्या डिसेंबरात वारला. सोबत्यांच्या लेखी मेलेला माणूस तेव्हा आणखी एकोणीस वर्षे जगला.

एवढ्यावरून तोंडी इतिहासाला मोडीत काढणारे भेटतात. मला ते पटत नाही. यात खोटे कोणी बोलले नव्हते. आघाडीवर जखमी माणसाला मागे नेत. तो परतला नाही तर इस्पितळात गेला की देवाघरी, हे कळायला खंदकात वाट नव्हती. पुढे बास्तोन्यचे बर्फ होते, रोज नवी नावे गळत होती. ब्लाइदचा चुकलेला मृत्यू त्या काळातल्या निरोपांबद्दल जे सांगतो, ते सेवापुस्तिकेत सापडणार नाही. तारीख मात्र सेवापुस्तिकेतूनच घ्यावी.

ब्लाइदची नोंद दुरुस्त करता आली, कारण विचारायला घरचे होते, कागद होते. कंपनीप्रमुख थॉमस मीहन यांच्या विमानाचे तसे नाही. त्या रात्री ते पेटून कोसळले आणि आतले सगळे गेले. शेवटच्या क्षणी कोण काय बोलले, कोणी दाराशी पोहोचले का, हे सांगणारा एकही म्हातारा कोणत्याही कॅमेऱ्यासमोर बसू शकला नाही. निघण्यापूर्वी मीहन यांनी घाईघाईत पत्नीला एक चिठ्ठी लिहिली होती. ती मागे राहिली.