चिमूटभर धूप आणि एक दाखला

इजिप्तमधील फायूम प्रदेशाच्या कोरड्या वाळूने जपून ठेवलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावर एका वृद्धाची नोंद आहे. नाव ऑरेलियस डायोजेनिस, पित्याचे नाव सातबूस, राहणार अलेक्झांडरचे बेट या नावाच्या खेड्यात, वय वर्षे 72, उजव्या भुवईवर व्रण. यज्ञकार्यावर देखरेख करण्यासाठी नेमलेल्या मंडळापुढे तो अर्ज करतो की, आपण देवतांना आजवर नेहमीच बळी अर्पण करीत आलो आहोत. आताही राजाज्ञेनुसार मंडळासमक्ष बळी दिला, पेयाची धार सोडली, बळीचे मांस चाखले. तरी तसे प्रमाणित करून मिळावे. तुकड्यावरील तारीख आपल्या गणनेने 26 जून 250 ही येते. हा तुकडा 1893 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर इजिप्तच्या वाळूतून असे आणखी दाखले निघत गेले आणि आता त्यांची संख्या चाळीसच्या पुढे गेली आहे. मजकूर जवळजवळ एकच. बदलतात ती केवळ नावे, वये आणि अंगावरचे व्रण.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा इतिहास म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे रंगभूमी, सिंह आणि उन्मत्त जमाव येतो. ते चित्र खोटे नाही. पण अपुरे आहे. सिंहांपुढे उभे राहावे लागलेले लोक थोडे होते. या कागदापुढे उभे राहावे लागलेले लोक असंख्य होते. आम्हांला वाटते, त्या काळचा खरा नैतिक पेच रंगभूमीपेक्षा या कागदात अधिक स्पष्ट दिसतो. कारण येथे मागितले जात होते ते फारच थोडे. चिमूटभर धूप, घोटभर मद्य, मांसाचा एक तुकडा. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाने जीव का द्यावा, हा रोमन अधिकाऱ्याचा प्रश्न होता, आणि तो प्रामाणिक प्रश्न होता.

तो समजून घ्यायचा तर रोमन धर्माकडे रोमन नजरेने पाहिले पाहिजे. त्या धर्मात श्रद्धेची कबुली मागितली जात नसे. मागितला जाई तो विधी. देवतांशी असलेला सलोखा यथासांग यज्ञाने टिकतो आणि तो टिकला तर राज्य टिकते, अशी ती धारणा होती. मनात काय आहे, याची विचारपूस करण्याचे कारण नव्हते. परक्या देवांचेही या व्यवस्थेला वावडे नव्हते. आशिया मायनरमधील सिबिली देवी तर रोमने इ. स. पूर्व 204 मध्ये सन्मानाने बोलावून आणली होती. ज्यूंचा एकेश्वरवाद रोमनांना विचित्र वाटे, परंतु तो त्यांच्या पूर्वजांपासून चालत आलेला म्हणून सहन केला जाई. ख्रिस्ती लोकांजवळ हाही आधार नव्हता. त्यांनी आपापल्या वाडवडिलांचे देव सोडले होते. रोमन दृष्टीने हा नवा धर्म नव्हेच. ते कृतघ्नपण होते.

इ. स. 112च्या सुमारास बिथिनिया-पाँटसचा प्रांताधिपती प्लिनी याने सम्राट ट्राजनला पाठविलेले पत्र या दृष्टीने फार बोलके आहे. आरोपींना तो तीनदा विचारतो. तिन्ही वेळा ख्रिस्ती असल्याचे सांगणाऱ्यांस देहदंड देतो. रोमन नागरिक असतील तर रोमला पाठवितो. जे नाकारतात, त्यांच्याकडून देवतांचा धावा करवून घेतो, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य अर्पण करवितो, ख्रिस्ताला शाप देण्यास सांगतो आणि सोडून देतो. खरे काय ते काढून घेण्यासाठी दोन दासींचा छळ करतो. त्या आपल्या मंडळीत सेविकापदावर होत्या. गुन्हा म्हणावा असे त्याच्या हाती काही लागत नाही. तरीही एवढा हट्टीपणा हाच शिक्षेस पात्र आहे, असे त्याचे मत होते. ट्राजनच्या उत्तरातील धोरण असे की, या लोकांना हुडकत फिरू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत. सिद्ध झाले तर शिक्षा करावी, मात्र देवतांना भजणाऱ्यास क्षमा करावी. ज्या अपराधातून एका विधीने क्षणात मुक्त होता येते, असा हा चमत्कारिक अपराध होता.

तथापि तडजोडीचा प्रश्न न्यायासनापुढेच उभा राहत असे, असे नाही. तो बाजारात होता, पंगतीत होता, आणि शाळेतही होता. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलापुढे प्रश्न होता तो मांसाचा. बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा देवळातल्या बळीचे असे. पौलाची भूमिका मोठी सूक्ष्म आहे. बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खावे. परंतु हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये. म्हणजे दोष मांसात नाही. त्या कृतीचा जो अर्थ दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, त्यात आहे. उलटपक्षी प्रकटीकरणाच्या ग्रंथात पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांना याच खाण्याबद्दल कठोर शब्दांत फटकारले आहे. एकाच नव्या करारात या दोन भूमिका शेजारी नांदतात, हे विसरून चालणार नाही.

साहित्य शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना तेर्तुल्यनचा मूर्तिपूजेवरील प्रबंध वाचताना थोडे अस्वस्थ व्हायला होते. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर कार्थेजमध्ये लिहिणारा हा तिखट लेखक मूर्ती घडविणाऱ्या कारागिराला दोष देतो, धूप विकणाऱ्या व्यापाऱ्याला दोष देतो, आणि मग वळतो तो साहित्याच्या शिक्षकाकडे. या शिक्षकाला देवदेवतांची नावे, वंशावळी आणि कथा शिकवाव्याच लागतात; त्यांचे सण पाळावे लागतात; नव्या विद्यार्थ्याची पहिली दक्षिणा मिनर्व्हा देवीला वाहावी लागते. तेव्हा ख्रिस्ती माणसाने हा व्यवसाय करू नये. पण मग मुलांनी शिकायचेच नाही काय? तेर्तुल्यन तेथे थबकतो आणि शिकण्यास मुभा देतो; कारण विद्यार्थी ऐकलेले नाकारू शकतो, शिक्षक मात्र शिकवता शिकवता त्याची भलावण करतो. हा भेद तर्काला कितपत पटेल, याविषयी मतभेद होतील. पण ज्या समाजाचे व्याकरण, काव्य आणि पंचांग हे सारेच देवतांनी भरलेले आहे, त्यात वेगळे राहणे म्हणजे काय, हे या एका सवलतीवरून उमगते. तेर्तुल्यनसारख्या कडव्या माणसालाही दार पूर्ण लावून घेता आले नाही.

याच कार्थेजमध्ये 7 मार्च 203 रोजी व्हिबिया पर्पेतुआ हिला मृत्युदंड झाला. वय सुमारे 22, कुलीन घराणे, अंगावर पिणारे मूल. तिच्या नावावर तुरुंगातील जे आत्मकथन आहे, त्यात छळापेक्षा जास्त जागा व्यापली आहे ती तिच्या वडिलांनी. ते रागावतात, विनवतात, मुलाची आण घालतात, तिच्या पायांशी पडतात. त्या समजावणीला उत्तर देताना ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखविते. या भांड्याला जसे दुसऱ्या नावाने हाक मारता येणार नाही, तसे मलाही मी जी आहे तीवाचून दुसरे काही म्हणवून घेता येणार नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. न्यायाधीश हिलारियानस मागतो ती गोष्ट लहानच आहे: सम्राटांच्या कल्याणासाठी एक बळी. या निवेदनात सत्तेचा चेहरा क्रूर कमी आणि केविलवाणा अधिक आहे, कारण तो पित्याचा चेहरा आहे. दबाव नेहमी शत्रूकडूनच येतो असे नाही; पुष्कळदा तो ज्यांचे आपल्यावर प्रेम आहे त्यांच्याकडून येतो, आणि त्याला नकार देणे अधिक कठीण असते.

इथवरचे प्रसंग स्थानिक होते. 249 साली गादीवर आलेल्या डेशियसने ते साम्राज्यव्यापी केले. नुकतीच, 248 मध्ये, रोमने आपली सहस्राब्दी साजरी केली होती. पण डॅन्यूबच्या सीमेवर गॉथ धडका देत होते आणि सिंहासने सैन्याच्या लहरीवर डळमळत होती. देवतांशी सलोखा पुन्हा जुळवायचा, तर साऱ्या प्रजेने एकमुखाने यज्ञ केला पाहिजे, असे डेशियसला वाटले. 212 सालच्या कायद्याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व मिळाले होते. आपल्या डायोजेनिसच्या नावामागचे ‘ऑरेलियस’ हे त्याच कायद्याचे चिन्ह. नवे नागरिक सम्राटाचे कुलनाम धारण करीत. आता त्या नागरिकत्वाची किंमत मागण्यात येत होती. ही आज्ञा केवळ ख्रिस्ती लोकांसाठी नव्हती. पेटेसूखोस या मगरदेवतेच्या ऑरेलिया अमोनूस नावाच्या पुजारिणीनेही असाच दाखला घेतलेला आहे! जिचे आयुष्यच देवळात गेले, तिलाही आपण देव मानतो हे लेखी सिद्ध करावे लागले. सत्तेला कागद हवा असतो. माणूस समोर उभा असून तिचे भागत नाही.

परिणाम ख्रिस्ती मंडळ्यांना हादरविणारा झाला. रोमचा बिशप फेबियन 20 जानेवारी 250 रोजी मरण पावला. वृद्ध विद्वान ओरिजेनचा तुरुंगात छळ झाला. पण बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी आज्ञा पाळली. कार्थेजचा बिशप सिप्रियन खंतावून लिहितो की, लोक बोलावण्याची वाट न पाहता आपणहून चौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या म्हटले, तर त्यांनी आजच उरका अशी गळ घातली. कोणी आपल्या मुलांनाही कडेवर घेऊन गेले. काहींनी खरोखर बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि काहींनी यांतले काहीच न करता पैसे चारून दाखला तेवढा मिळविला. या तिसऱ्या वर्गाचे म्हणणे साधे होते: आम्ही वेदीला शिवलोही नाही, आम्ही फक्त कागद घेतला. पण कागदावर तर लिहिले आहे की तुम्ही बळी दिला. जे हाताने केले नाही, ते अक्षरांनी केले तर ते केले म्हणायचे की नाही? शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हांला हा प्रश्न सतराशे वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

स्वतः सिप्रियनचे आचरणही निष्कलंक मानले गेले नाही. 250च्या आरंभीच तो शहर सोडून लपला आणि पत्रांतून मंडळीचा कारभार पाहू लागला. कळपाला टाकून मेंढपाळ पळाला, असा सूर रोमकडून आलेल्या पत्रात होता. इकडे तुरुंगात टिकून राहिलेल्या कबुलीदारांचे नैतिक वजन इतके वाढले की, ते पतितांना क्षमेच्या चिठ्ठ्या देऊ लागले. एकेका चिठ्ठीवर माणसाचे आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याचे नाव. सत्तेच्या दाखल्याने जे गमावले, ते दुसऱ्या दाखल्याने परत मिळवायचे! या विपर्यासाने सिप्रियन संतापला, ते योग्यच होते.

1951 किंवा 2001च्या न्यायमंडळांपुढे जे प्रश्न आले, तेच 251 साली कार्थेजच्या धर्मसभेपुढे होते, असे म्हटले तर ते ओढूनताणून होईल. तरी दडपणाखाली वाकलेल्या माणसाला कसे मोजावे, हा प्रश्न तेथे पहिल्यांदा इतक्या बारकाईने हाताळला गेला, असे आम्हांला वाटते. रोममध्ये नोव्हेशियनचे म्हणणे होते की, पतितांना मंडळीत पुन्हा जागा नाही. दुसऱ्या टोकाला सरसकट क्षमेची मागणी होती. सिप्रियनने भेद करण्याचा आग्रह धरला. पहिल्या हाकेला वेदीकडे धावला तो आणि दीर्घ काळ झगडून अखेर कोसळला तो, हे सारखे नाहीत. घरच्या सगळ्यांना घेऊन गेला तो आणि एकट्याने पुढे होऊन बायकोमुलांना आणि आश्रितांना त्या प्रसंगातून वाचविले तो, हेही सारखे नाहीत. सभेने दाखला घेणाऱ्यांना एकेकाची चौकशी करून परत घेतले. बळी देणाऱ्यांना प्रायश्चित्त सांगितले आणि मृत्युशय्येवर समेटाचे आश्वासन दिले. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच त्यांनाही आत घेण्यात आले. लढाईला निघालेल्याला निःशस्त्र पाठवू नये, हा त्यामागचा विचार. डेशियस मात्र 251 मध्येच गॉथांशी लढताना पडला होता. आणि लपून बसलेला म्हणून ज्याला नावे ठेवली गेली, त्या सिप्रियनने व्हॅलेरियनच्या कारकिर्दीत, 14 सप्टेंबर 258 रोजी, पळून न जाता शिरच्छेद स्वीकारला.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. या लोकांना आपण सहज ‘हुतात्मे’ म्हणतो. पण ‘हुत’ म्हणजे होमात अर्पिलेले. शब्दाच्या पोटातच यज्ञ आहे. ज्यांनी आहुती देण्यास नकार दिला, त्यांनाच आपण आहुती ठरवितो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘साक्षीदार’ असा आहे, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने योजिलेला ‘रक्तसाक्षी’ हा शब्द त्याच्या कितीतरी जवळ जातो. साक्ष ही कृतीने, शब्दाने आणि सहीनेही होते; म्हणूनच खोट्या दाखल्याचा प्रश्न त्यांना एवढा जिव्हारी लागला.

राहता राहिला डायोजेनिस. भुवईवर व्रण असलेला तो म्हातारा निष्ठावंत देवपूजक असेल, भेदरलेला ख्रिस्ती असेल, किंवा अधिकाऱ्याच्या हातावर काही टेकवून घरी गेलेला असेल. दाखल्याचा मजकूर तिघांसाठीही हाच राहिला असता. हीच त्या कागदाची ताकद आणि हाच त्याचा अन्याय. अंगावरचा व्रण त्याने नोंदविला, मनावरचा नाही. त्या दुसऱ्या व्रणाची नोंद घेण्याचा प्रयत्न, कितीही अपुरा असो, सिप्रियनच्या पत्रांनी केला. म्हणून पर्पेतुआच्या धैर्यापुढे नतमस्तक होतानाही, जे वाकले आणि मग रडत परत आले त्यांचा इतिहास आम्हांला तितकाच वाचण्याजोगा वाटतो.