गंजिफा, मॅजिक आणि हरवलेला डाव

दिवाळीत माझा मामेभाऊ नाशिकला आला होता. वय सोळा, हातात कायम फोन आणि फोनमध्ये पोकेमॉनचे पत्ते. फराळाच्या ताटावरून डोळे न उचलता त्यानं विचारलं, "ताई, तू त्या गोल पत्त्यांवर पीएचडी करतेस ना? मग त्यांच्यात मेटा काय होता?"

मी हसले. नंतर लक्षात आलं की माझ्या मार्गदर्शकांनीसुद्धा इतका नेमका प्रश्न मला विचारलेला नाही. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी 'मेटा' म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझ्यासारखं मेंढीकोट आणि बदाम सात एवढंच येत असणार. आपल्या नेहमीच्या खेळात पत्त्यांचा कॅट एकच असतो. तो पिसायचा, वाटायचा, नशिबात येईल ते घ्यायचं. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक जण आपला कॅट घरून बनवून आणतो. उपलब्ध हजारो पत्त्यांतून निवडून साधारण साठ पत्ते. मामेभावाच्या फोनवरच्या खेळात तर फक्त वीस, आणि एका नावाचे जास्तीत जास्त दोन. म्हणजे निम्मा डाव टेबलावर बसण्याआधीच खेळून झालेला असतो. मग स्पर्धेला जाताना प्रश्न पडतो, बाकीचे काय घेऊन येणार? सध्या कुठले कॅट चालतात आणि त्यांना कुठला कॅट मारतो, या सगळ्या हिशोबाला हे लोक मेटा म्हणतात.

या खेळांची सुरुवात ऑगस्ट 1993 मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग'नं झाली. तो बनवणारे रिचर्ड गारफिल्ड त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून गणितात पीएचडी झाले. (होय, प्रबंध लिहिता लिहिता माणसं असलंही काही करतात. माझं अजून तिसरं प्रकरण अडलंय.) मूळ नियमांत एका पत्त्याच्या किती प्रती ठेवायच्या यावर बंधनच नव्हतं. ज्याच्याकडे जोरदार पत्ते जास्त, तो जिंकणार. मग स्पर्धांसाठी नियम आले, किमान साठ पत्ते आणि एकाच पत्त्याच्या चारच प्रती. आता हावरटपणा पुरेना, विचार करावा लागला. 1994 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि झॅक डोलन जिंकला.

पुढच्या दोनतीन वर्षांत जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात रंजक वाटतं. ब्रायन वाइसमन नावाच्या खेळाडूनं एक कॅट बनवला. त्याला लोक नुसतं 'द डेक' म्हणायचे. त्यात सामना जिंकून देणारे पत्ते जवळपास नव्हतेच, दोन सेरा एंजल होत्या, बस्स. बाकी सगळे पत्ते समोरच्याला अडवायला किंवा आपल्या हातात आणखी पत्ते आणायला. कल्पना अशी की माझ्या एका पत्त्यात मी तुझे दोन संपवले तर शेवटी तुझा हात रिकामा होईल आणि माझा भरलेला असेल. मग जिंकायची घाई कशाला?

1996 मध्ये बरोबर याच्या उलट काहीतरी घडलं. अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल रंगाचे फुटकळ पत्ते घेऊन आला आणि दुसरा आला. कॅटची रचना जे श्नायडर यांची होती. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखे पत्ते होते, जे बाकीचे लोक फुकट मिळाले तरी घेतले नसते. पण श्नायडर यांनी पत्त्यांची ताकद मोजली नाही, त्यांची किंमत मोजली. पहिल्या फेरीत खेळता येईल असे इतके, दुसऱ्या फेरीसाठी इतके, तिसरीसाठी इतके. एकही फेरी वाया जायला नको. समोरचा आपलं मोठं हत्यार काढेपर्यंत त्याचा खेळ आटोपलेला असायचा. त्याच उन्हाळ्यात नेक्रोपोटेन्स नावाच्या काळ्या पत्त्यानं सगळ्यांना हैराण केलं. आपलं एक आयुष्य द्या आणि एक पत्ता घ्या, असा त्याचा सौदा. सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटलं, स्वतःचं रक्त देऊन पत्ते कोण घेईल? खेळाडूंना हळूहळू कळलं की वीस आयुष्यांपैकी जिंकण्यासाठी लागतं ते फक्त शेवटचं. बाकीची एकोणीस खर्चायलाच असतात.

1999 मध्ये माइक फ्लोरेस यांनी एका लेखात यापुढचा मुद्दा मांडला. दोन सारखे कॅट समोरासमोर आले तरी त्यातला एक जण हल्ला करणारा असतो आणि दुसरा थोपवणारा. आपण दोघांपैकी कोण, हे ज्याला चुकीचं कळलं तो हरला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तुला कसं माहीत? तू तर नाशिकच्या बाहेर फारशी गेलेली नाहीस. हाच तर मुद्दा आहे. मला हे माहीत आहे कारण हे लिहिलेलं आहे. या खेळात डावपेच म्हणजेच यादी. साठ पत्त्यांची नावं एका कागदावर लिहिली की माणसाच्या डोक्यातला विचार त्या कागदावर उतरतो, आणि मोठ्या स्पर्धेत ती यादी पंचांकडे द्यावीच लागते. कोणी इतिहास लिहायला बसलं नव्हतं, तो आपोआप साठत गेला. तीस वर्षांपूर्वीचा स्लायचा कॅट आज कोणीही पत्ता न् पत्ता तसाच लावून खेळू शकतो.

आणि आमची गंजिफा?

गंजिफेबद्दल लिहिलेलं कमी नाही. बाबरानं 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफेचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलनं ऐन-इ-अकबरीत बारा रंगांचा, 144 पानांचा कॅट वर्णन केलाय. कुठल्या पानावर राजा कशावर बसलाय, वजीर कशावर, सगळं तपशीलवार. मुघली गंजिफेत आठ रंग आणि 96 पानं असतात. आपल्याकडच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, म्हणजे 120 गोल पानं. सावंतवाडीत चितारी मंडळी ही पानं हातानं रंगवायची. ही कला विझत आली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. रुडॉल्फ फॉन लायडन या मुंबईत राहिलेल्या कलासमीक्षकानं देशभरातल्या गंजिफा गोळा करून त्यांचा अभ्यास केला, 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं त्यावर ग्रंथ काढला. सावंतवाडीच्या गंजिफेला आता भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. हे सगळं मोलाचं आहे, माझी निम्मी संदर्भसूची त्यावरच उभी आहे.

पण नीट बघा, यात काय जपलं गेलं? चित्रं. रंग. लाखेचं काम. अबुल फजल तर पत्त्यांची अख्खी यादी देतो, पण ते खेळायचे कसे यावर गप्प. नियम पुढे कोणी कोणी लिहिले. डाव मात्र कोणी लिहिला नाही. आणि त्याचं कारण आळस नाही असं माझं मत आहे. गंजिफेत कॅट सगळ्यांचा एकच. कागदावर उतरवण्यासारखी यादी बनतच नाही. सगळी हुशारी पानं हातात आल्यानंतरची, आणि ती डोक्यात सुरू होऊन डोक्यातच संपते.

तरीही मामेभावाला उत्तर द्यायचं होतं. म्हणून नियम समोर ठेवून उलटा विचार करून पाहिला. सावानात (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमचं सार्वजनिक वाचनालय, 1840 पासूनचं) दोन दुपारी घालवल्या, वहीत हात मांडून.

दशावतारी गंजिफा तिघं खेळतात. प्रत्येकाला चाळीस पानं. हातात चाळीस गोल चकत्या धरून बघा एकदा, रंग लावता लावताच घाम येतो. पैकी पाच रंगांत राजा-वजिराखाली दहा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दहा लहान. म्हणजे 'तिरी' हे पान हलकं की भारी, हे रंग कळल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि यात आपण ज्याला हुकूम म्हणतो तसला, बाकी रंगांना कापणारा रंगच नाही. हुकूम हा शब्द आहे, पण अर्थ वेगळा. त्या रंगात बाहेर न गेलेलं जे सगळ्यात मोठं पान, ते हुकूम. राजा गेला की वजीर हुकूम, वजीर गेला की त्याखालचं.

इथे डाव दिसायला लागतो. समजा वराहाचा वजीर माझ्याकडे आहे आणि राजा दुसऱ्या कुणाकडे. वजीर तसाच धरून ठेवला तर तो नुसता शोभेचा. म्हणून वराहाचं हलकं पान टाकून राजाला बाहेर काढायचं. एक हात गेला, पण माझा वजीर हुकूम झाला. आत्ता द्यायचं आणि पुढे घ्यायचं. आयुष्य देऊन पत्ते घेणाऱ्या नेक्रोपोटेन्सवाल्यांना हा हिशोब लगेच कळला असता. पण तो कधी करायचा? समोरच्या दोघांकडे मिळून ऐंशी पानं आहेत आणि दहा रंगांतली कुठली गेली, कुठली उरली हे पाठ असेल तरच. म्हणजे गंजिफेत 'द डेक'सारखा अडवून धरणारा खेळाडू असणार, आणि तो असणार सगळ्यात चांगल्या स्मरणशक्तीचा.

आणखी एक गंमत. दिवसा खेळत असाल तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची. दिवे लागल्यावर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. मुघली गंजिफेतही असंच, दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग आणि रात्री चांदीच्या. संग्रहालयातल्या पाट्यांवर हे श्रद्धेची गोष्ट म्हणून सांगतात. असेलही. पण खेळणाऱ्याच्या बाजूनं बघा, तीच चाळीस पानं दुपारी तीनला आणि रात्री आठला वेगळ्या किमतीची होतात. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा फोन खाली ठेवला. "म्हणजे सूर्य मावळला की मेटा बदलतो?" हो रे बाबा, तसंच काहीसं.

पण हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. प्रबंधात 'असणार' चालत नाही. आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी, जी प्रबंधात कुठेच बसत नाही. माझे आजोबा मूळचे कोकणातले. त्यांनी लहानपणी गंजिफा खेळलेली पाहिली होती, बहुतेक खेळलीही होती. ते गेले आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी पीएचडीला नाव घातलं. माझ्याकडे त्यांची एक पेटी आहे, त्यात शहाण्णवही नाहीत आणि एकशेवीसही नाहीत, एकोणीस पानं आहेत. कूर्माचं कासव अजून स्पष्ट दिसतं.

त्यामुळे सध्या मी काय करते ते सांगते. हातात आहे तो डाव लिहून काढते. छापील बावन्न पानांच्या स्वस्त कॅटनं हातानं रंगवलेली गंजिफा मागे सारली, पण उतारी, हुकूम, वजिरीचा रुबाब हे सगळं मेंढीकोटात आलंच. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पासवाल्यांचा अड्डा बघा, गुडघ्यांवर सूटकेस आडवी टाकून इगतपुरीच्या आत पहिला कोट लागलेला असतो. त्या लोकांचे डावपेच कुठे छापलेले नाहीत.

गंमत म्हणजे पत्त्यांच्या हुशारीबद्दल आपल्याकडे जो एक पक्का कागद आहे तो कोर्टाचा आहे. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. निकाल नागपूरच्या हायकोर्टातून पुढे गेलेल्या न्या. हिदायतुल्ला यांचा. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं हे कळावं लागतं, असं त्यात कारण दिलंय. खेळणाऱ्यांनी लिहिलं नाही ते न्यायाधीशांनी लिहिलं, तेही जुगाराच्या खटल्यात.

माझी सुरुवात आत्यापासून झाली. इंदिरानगरला तिच्याकडे रविवारी चौघांचा डाव असतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग संपेल त्यानं टाकलेलं पान हुकूम, अशा पद्धतीनं ते खेळतात. आत्या पहिल्या उतारीला एक्का असूनही तो काढत नाही. ज्या रंगाचं एकच पान हातात आहे ते पहिलं टाकते. मला वाटायचं घाबरते. मग तेरा हात सलग लिहून काढले तेव्हा कळलं, तिला तो रंग लवकर संपवायचाय. कारण रंग संपला की हुकूम तिनं बोलायचा. आणि दश्शी? ती भिडूचा हात पक्का झाल्याशिवाय हातातून सुटत नाही. मी म्हटलं, "आत्या, हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? अण्णांशेजारी बसून बघायचे."

अण्णा म्हणजे माझे आजोबा.

आतापर्यंत बासष्ट डाव वहीत उतरले आहेत. मी खेळत नाही, कोपऱ्यात बसून लिहिते. काटेकोर पद्धत म्हणून नव्हे, मला कोणी भिडू घेत नाही म्हणून. आत्याचं म्हणणं, "ही सगळी पानं लिहिते, पण दश्शी चुकीच्या हातावर टाकते."