नागपुरी धोतर
रेशमी काठाचे, अंगाला बारीक सुताचे हातमागाचे पुरुषी वस्त्र. नागपूर, उमरेड आणि पवनी ही त्याच्या विणकामाची जुनी केंद्रे असून विणकर मुख्यतः कोष्टी समाजाचे. धोतर जोडीने विकले जाई. जोडीतल्या एका नगाला ‘पान’ म्हणतात. या वस्त्राची खरी ओळख त्याच्या काठात आहे: अंग पांढरे, साधे, आणि सारी कलाकुसर कडेच्या रंगीत रेशमी पट्टीत.

नेसताना वस्त्र कमरेला बांधून एका टोकाच्या निऱ्या पुढे खोचतात, तर दुसरे टोक पायांमधून मागे नेऊन त्याचा काष्टा घालतात. तमिळनाडूतील वेष्टी व केरळातील मुंडू एरवी काष्ट्याविना, लुंगीसारखे गुंडाळतात. मात्र तमिळ ब्राह्मणांचे विधीप्रसंगीचे पंचकच्चम् काष्ट्याचेच, म्हणून मराठी नेसणीला अधिक जवळचे. लग्नमुंजीत धोतरावर उपरणे घेतात. पूजेला, सोवळ्यात, सुती धोतराऐवजी रेशमी कद किंवा मुकटा नेसण्याची रीत आहे.

नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गिरणीचे स्वस्त धोतर आणि नंतर पँट-पायजमा यांमुळे हातमागाची मागणी घटली. रोजच्या वापरातून धोतर बहुतांशी गेले. लग्नकार्य आणि पूजा यांत ते टिकून आहे.