संसदेच्या चौकशीने युद्ध थांबतं का? व्हिएतनामचा अनुभव काय सांगतो?

ऑगस्ट 1964. टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचं सांगत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लष्करी कारवाईसाठी मोकळीक मागितली. सिनेटमध्ये ठरावाविरोधात फक्त 2 मतं पडली, प्रतिनिधिगृहात एकही नाही.

चौकशी कोणी केली?

सिनेटमध्ये या ठरावाची बाजू लढवणारे विल्यम फुलब्राइट यांनीच. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष म्हणून 1966 मध्ये त्यांनी घेतलेल्या सुनावण्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. 1968 मध्ये समितीने संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांना टोंकिनबद्दल जाब विचारला. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झालं.

हाती काय लागलं?

1971 मध्ये ठराव रद्द झाला. 1973 मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकार कायदा आला. त्यानुसार संसदेच्या मंजुरीशिवाय सैन्य साधारण 60 दिवसांपलीकडे लढाईत ठेवता येत नाही.

मग प्रश्न सुटला?

नाही. 2011 मध्ये लिबियातल्या कारवाईवेळी ओबामा सरकारने या कायद्यातून वाट काढलीच. शिवाय व्हिएतनाममध्ये 58 हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मारले गेले. चौकशी त्यांना वाचवू शकली नाही. पण सरकारची उत्तरं नोंदीत राहिली. पुढचा कोरा चेक मागितला जाईल, तेव्हा खासदारांकडे दाखवायला ही नोंद आहे.