सगळ्या टेस्ट पास, पण कशाच्या?

"सगळ्या टेस्ट पास आहेत" असं ऑफिसात कोणी म्हणालं की हल्ली मला अमेरिकेतली डुकरं आठवतात. हसू नका, सांगतो.

एकोणिसाव्या शतकात तिथे 'हॉग कॉलरा'ने डुकरांचे कळपच्या कळप मरायचे. (माणसांच्या कॉलऱ्याशी याचा काही संबंध नाही.) १८८५ साली डॅनिअल साल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ या सरकारी शास्त्रज्ञांना आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला. हाच गुन्हेगार, असं ठरलं. १८८६ मध्ये त्यांनी तो उष्णतेने मारून कबुतरांना टोचला, आणि पुढे जिवंत जिवाणू टोचला तरी कबुतरं वाचली. मेलेल्या जंतूंचीही लस होते, हा केवढा मोठा शोध! पण डुकरं मरतच राहिली.

का? १९०३ च्या सुमाराला मेरियन डॉरसेट आणि सहकाऱ्यांना दिसलं, की आजारी डुकराचं रक्तद्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून टोचलं तरी रोग होतोच. म्हणजे खरा गुन्हेगार विषाणू. आधीची टेस्ट चोख होती, पण भलत्याचीच!

मग १९०७ मध्ये आयोवातल्या शेतांवर नवी पद्धत तपासली गेली: जिवंत विषाणू आणि सोबत रोगाला पुरून उरलेल्या डुकरांचं सीरम, दोन्ही एकदम टोचायचं. सीरम कामाचं आहे का हे कसं कळणार? काही डुकरांना दोन्ही द्यायचं, काहींना नुसता विषाणू. ही दुसरी आजारी पडलीच नाहीत, तर पहिली वाचली याला काही अर्थ नाही. क्रूर आहे खरं, पण हिशेब सरळ आहे.

सीरमचा धंदा जोरात सुरू झाला आणि त्यात कुचकामी मालही आला. शेवटी १९१३ मध्ये जनावरांसाठी निकामी, दूषित किंवा घातक लस-सीरम विकण्यावर कायद्याने बंदी आली.

तरी एक गोम राहिलीच. टोचलेलं डुक्कर वाचायचं, पण त्याच्यातला जिवंत विषाणू शेजारच्या डुकराला गाठू शकायचा. रोग थांबवणारी पद्धतच रोग जिवंत ठेवत होती! १९६२ मध्ये निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, जिवंत विषाणू टोचणं टप्प्याटप्प्याने बंद झालं, आणि १९७८ मध्ये अमेरिका हॉग कॉलरामुक्त जाहीर झाली.

म्हणून आता मी दोन प्रश्न विचारतो. टेस्ट नक्की कशाची केली? आणि शेजारच्या मोड्यूलचं काय झालं?

असो. सोमवारी रिलीज आहे.